सीझनचा पैसा आणि घरचा वेळ: किनाऱ्यावर धंदा करणाऱ्यांनो, या चुका टाळा

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांना पहिल्या तारखेचा पगार ठाऊक नाही. आंबा, मासळी, होम-स्टे, रिक्षा यातलं काहीतरी, बरेचदा दोन-तीन एकत्र. "आठ तास काम, संध्याकाळ घरच्यांची" हा सल्ला इथे मे महिन्यात पाळायला गेलात तर धंदाच बसेल. पैसा असो की वेळ, इथला हिशेब वर्षाचा मांडावा लागतो.

सीझनचा गल्ला म्हणजे कमाई समजणं

एप्रिल-मेमध्ये खोल्या भरलेल्या असतात, आंब्याच्या पेट्या वाशीच्या घाऊक बाजाराला चाललेल्या असतात, हातात रोख खेळते. त्या भरात नवा एसी येतो, गाडी बुक होते, लग्नात सढळ हाताने आहेर होतो. मग १ जूनला यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. पर्यटक ओसरतात. आणि नेमकी तेव्हाच शाळेची फी, वह्या-पुस्तकं आणि लावणीची मजुरी दारात उभी.

समजा, ऑक्टोबर ते मे खर्च वजा जाता ३ लाख ६० हजार उरले. आठाने भागलं तर महिना ४५ हजार, बाराने भागलं तर ३० हजार. घर ३० हजारांतच चालवायचं. वरचे सरासरी १५ हजार दुसऱ्या खात्यात टाकले की मेअखेर १ लाख २० हजार जमतात, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने सुटले. ते खातं फोनवरच्या यूपीआयला मात्र जोडू नका, नाहीतर जूनआधीच रिकामं होईल. यासाठी पोस्टाची आवर्ती ठेवही नको. ती ५ वर्षांची, शिवाय दर महिन्याला हप्ता मागणार. जुलैत तो कुठून आणणार? काही महिन्यांची साधी मुदत ठेव बरी.

बागायतदारांसाठी एक जादा गोष्ट. दलालाकडून उचल घेतली की माल त्याच्याच पेढीवर घालावा लागतो, मग भावाचं बोलायला तोंड राहत नाही. किसान क्रेडिट कार्डावर ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर व्याज ४ टक्क्यांवर येतं. आधी तिकडे विचारा.

घरचे राबतात ते फुकट धरणं

होम-स्टेचं स्वयंपाकघर बघा. पहाटे आंबोळ्या, अकराला मासे साफ करणं, तीनपर्यंत ताटं, मग चहा, रात्री पुन्हा तव्यावर सुरमई. साडेदहाला पाव्हणा विचारतो, "वहिनी, सोलकढी आहे का अजून?" वहिनी स्वतः जेवतात त्या भांडी आटपल्यावर. ताटाचा दर काढताना मासे, तेल, गॅस धरला जातो. नारळ घरचा म्हणून शून्य, बाई घरची म्हणून शून्य. दर कमी लागतो, म्हणून भांड्यांना बाई ठेवणं "परवडत नाही". माझ्या मते किनाऱ्यावरच्या अर्ध्या कुरबुरींचं मूळ इथेच आहे.

एक आठवडा नारळ बाजारभावाने आणि घरच्यांचे तास मजुरीच्या दराने वहीत लिहा. दर वाढवायचा की माणूस ठेवायचा, ते आकडे बघितल्यावर आपोआप कळेल. शिवाय दारात पाटी लावा: रात्री साडेनऊनंतर जेवण मिळणार नाही. पाव्हणे कुरकुरतात, पण पाळतात.

गणपतीत बुकिंग घेणं

मुंबईहून भाऊ कुटुंब घेऊन येतो आणि त्याला पडवीत झोपवून खोल्या पर्यटकांना दिल्या जातात. दोन दिवसांचं भाडं मिळतं, बोलणी वर्षभर ऐकावी लागतात. नव्या वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लागलं की गणपती आणि शिमगा आधी लाल करून टाका. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरी कधी येणार ते गावाच्या बैठकीत ठरतं, तेव्हा शिमग्याला एक-दोन दिवस मागेपुढे मोकळे ठेवलेले बरे.

"पावसात बसू निवांत"

मुलांची सुट्टी मेमध्ये, आपली जुलैमध्ये. आणि जुलैत त्यांची शाळा. ही गाठ पडतच नाही. म्हणून मेमध्येच सोमवार ते गुरुवारातल्या सलग दोन रात्री खोल्या बंद ठेवा. वीकएंडला हात लावायची गरज नाही.

राहिला कर्जाचा हप्ता. होम-स्टे किंवा बोटीच्या कर्जाला हप्ते महिन्याचेच असतात असं धरून लोक सही करतात. हप्ते सीझनला जास्त आणि पावसाळ्यात कमी लावून मिळतील का, हे शाखेत आधी विचारा. सही झाल्यावर ते बदलून घ्यायचं तर तालुक्याला खेपा घालाव्या लागतात, आणि त्याही ऐन सीझनमध्ये.