आठ बाय पाच फुटांचं ऑइल करायला निघालेल्यांसाठी

दीड-दोन फुटांची पोर्ट्रेट आणि लँडस्केप हातात बसली की पुढचा विचार ठरलेलाच असतो, आता एक मोठं ऑइल, म्हणजे तैलचित्र, होऊन जाऊ दे. माझा विषय होता कोल्हापूरचं खासबाग कुस्ती मैदान. शाहू महाराजांनी १९१२ च्या सुमारास बांधून घेतलेलं. मध्ये लाल मातीचा हौद, भोवती पायरीपायरीने चढत गेलेली माणसं, त्यातली निम्मी सावलीत. कोल्हापुरात राहून असा विषय मोठ्यात करावासा वाटणारच. करा, पण आधी हे वाचा.

कॅनव्हास ताणायच्या लाकडी चौकटीला मधून उभी-आडवी पट्टी मारून घ्या, नाहीतर ताणाने कडा आत वाकतात. पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडला म्हणून लगेच कोपऱ्यातल्या खुंट्या ठोकू नका. हवा कोरडी झाली की तो बऱ्यापैकी परत ताणला जातो. स्केच चौकोन पाडून मोठं करा. प्रोजेक्टरला माझा ठाम विरोध आहे. रेषा आयती मिळते, पण मागं सरून बघायची सवय लागत नाही. बाबूराव आणि आनंदराव पेंटर हे चित्रकार नाटकांचे पडदे रंगवून मोठे झाले, त्या गावात आपण राहतो. जुना बोर्ड पेंटर कुणी ओळखीचा असेल तर त्याच्याजवळ तासभर बसा, दहा व्हिडिओंपेक्षा जास्त मिळेल.

आता खरा सापळा. सावलीतली गर्दी मी बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) यांत लावत होतो, टर्पेंटाइन सढळ हाताने घालून. ओलं असताना झकास खोली दिसायची. सुकलं की राखाडी, धुरकट. टोन, म्हणजे रंगाचा गडदपणा, कमी पडला असं समजून वर आणखी गडद. तोही सुकून तसाच.

इथं नीट लक्ष द्या. रंग फिका झालेलाच नसतो. त्यातलं तेल खालच्या थराने ओढून घेतलेलं असतं. तेल वर असतं तेव्हा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि गडद रंग गडद दिसतो. तेल खाली गेलं की रंगाचे कण उघडे पडतात, त्यांच्यावरून प्रकाश विखुरतो आणि सगळ्यावर पांढुरकी छटा येते. ॲक्रिलिक गेसोचा, म्हणजे कॅनव्हासवर आधी देतात त्या पांढऱ्या अस्तराचा, शोषक थर, त्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेला रंग आणि तोही अंबरसारखा, म्हणजे हे होणारच. छोट्या चित्रात कळत नाही, कारण बरंचसं एका बैठकीत उरकतं आणि ओल्या रंगाची तुलना ओल्याशीच होते. आठ फुटांवर डावा कोपरा खडखडीत, मधला भाग चिकट आणि उजवीकडे आज लावलेला ओला रंग. या तिघांना एकमेकांशी ताडून तुम्ही टोन ठरवता. ठरणार कसा? शेवटी तेलाचा हात फिरवला तेव्हा ते सगळे थर एकदम उघड झाले. सावलीत माणसं नव्हतीच, नुसतं काळं भगदाड होतं.

उपाय इतका साधा आहे की राग येतो. भाग हाताला पूर्ण कोरडा लागला की जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं मिसळून सुती चिंधीने अगदी पातळ चोळा, थोडं थांबून जास्तीचं पुसून घ्या. लावतानाचा रंग परत दिसतो. तो बघून मगच पॅलेटवर मिश्रण करा. तेल थापू नका, पुढं पिवळं पडतं. आणि त्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात कधीही टाकू नका. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं, त्यात उष्णता तयार होते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या पाण्यात बुडवून ठेवा. यात हयगय केलेली मी ऐकून घेणार नाही.

टाऊन हॉल म्युझियममध्ये जुनी तैलचित्रं बघाल तेव्हा बाजूला सरकून तिरप्या प्रकाशातही बघा. कुठं चमक आहे, कुठं नाही, हे वाचायला शिकाल. हे कुणी वर्गात शिकवत नाही. तुमचा ब्रश हातातून घेऊन 'हे असं' म्हणणाऱ्या सरांपासून तर लांबच राहा. तेवढा तुकडा सुधारतो आणि बाकीचं चित्र पोरकं होतं.

तरी घाबरायचं कारण नाही. बिघडलेला भाग ओला असतानाच पॅलेट नाईफने खरवडला तर आठ फुटांत तो दुसऱ्या दिवशी सापडतसुद्धा नाही. माझी सावलीही पुन्हा उभी राहिली, मागच्या ओळीतले फेटे दिसायला लागले.

हां, जिन्याचं वळण आणि दाराची उंची आधी मोजा. नाहीच निघालं तर चौकटीवरून कॅनव्हास उतरवता येतो, पण रंग नीट सुकल्यावर, आणि गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवून, जाड नळीवर.