माल्टाच्या पाकासाठी थंड पाण्याची कॅन किंवा बर्फाची पेटी कशी निवडावी

गव्हाला किंवा जवाला मोड आणून, ते वाळवून (यालाच माल्ट म्हणतात) भरडले आणि तो भरडा चांगल्या गरम पाण्यात तास-दीड तास मुरवला, की धान्यातील पिष्टाची साखर होते. ते पाणी गाळून आटवले की काकवीसारखा दाट, तांबूस पाक तयार होतो. दुधात घालायला, भाकरीबरोबर खायला किंवा लाडू वळायला तो उपयोगी पडतो. धान्यातील विकरांनी (एन्झाइमांनी) हे काम नीट करावे यासाठी मिश्रणाचे तापमान सुमारे ६२ ते ६८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान टिकून राहावे लागते. त्याखाली काम रेंगाळते, आणि ७५ अंशांच्या पुढे विकरे निकामी होऊ लागतात. चुलीवर किंवा गॅसवर हे तापमान सांभाळणे अवघड असते, कारण तळ करपतो आणि वरचा थर थंडच राहतो. म्हणून मिश्रण आचेवर न ठेवता उष्णता धरून ठेवणाऱ्या भांड्यात झाकून ठेवणे अधिक सोयीचे ठरते.

परदेशात घरी बिअर करणारे लोक याच कामासाठी सहलीच्या बर्फाच्या पेट्या वापरतात आणि अशा भांड्याला मॅश टन म्हणतात. आपल्या महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि वर्धा व गडचिरोली या जिल्ह्यांत तर संपूर्ण दारूबंदी आहे. त्यामुळे येथील विवेचन पाकापाशीच थांबते. भांडे निवडण्याचे निकष मात्र दोन्हीकडे तेच आहेत.

दुकानदार पेटी दाखवताना ‘बर्फ दोन दिवस राहतो’ असे सांगतो. त्या माहितीचा आपल्याला फारसा उपयोग नाही, कारण थंडावा खाली बसतो आणि उष्णता वर चढते. स्वस्त कॅन आणि पेट्या बनवताना भिंतींमध्ये फोम भरलेला असतो, पण झाकण बरेचदा नुसते पोकळ ठेवलेले असते. गार पाण्यासाठी ते चालून जाते. गरम मिश्रण ठेवले की सगळी ऊब त्याच झाकणातून निघून जाते. म्हणून दुकानात आधी झाकण हातात घ्यावे. ते आकाराच्या मानाने फारच हलके असेल, बोटाने टिचकी मारल्यावर रिकाम्या डब्यासारखे वाजत असेल किंवा दाबल्यावर आत जात असेल, तर आत फोम भरलेला नाही असे समजावे. बाकी पेटी चांगली असल्यास ती नाकारण्याचे कारण नाही. झाकणाला बारीक छिद्र पाडून त्यात हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा फवाऱ्याचा फोम भरता येतो. तो एका वेळी थोडाथोडाच भरावा, नाहीतर फुगून झाकण वाकते. छिद्र नंतर अन्नाला चालणाऱ्या सिलिकॉनने बुजवावे. झाकण कडेला घट्ट बसते की नाही हे पाहण्यासाठी कागदाची पट्टी कडेवर ठेवून झाकण लावावे आणि पट्टी ओढून पाहावी. ती सहज सरकत असेल तर वाफही तेथून तितक्याच सहज बाहेर पडेल.

यानंतर मापाचा विचार करावा. मोठे भांडे घेतले म्हणजे पुढे कामी येईल, हा हिशेब येथे लागू पडत नाही, कारण अर्धवट भरलेल्या भांड्यात वरची रिकामी हवाच बरीच उष्णता खाते. भांडे किमान दोन तृतीयांश भरले पाहिजे. एक किलो भरड्याला साधारण तीन लिटर पाणी लागते, आणि भिजलेला एक किलो भरडा पाण्याशिवाय आणखी सुमारे पाऊण लिटरला किंचित कमी जागा घेतो. म्हणजे चार किलोच्या घाण्याला १२ लिटर पाणी व पावणेतीन लिटर धान्य मिळून जवळजवळ १५ लिटर मिश्रण होते, आणि २० लिटरची कॅन त्याला नेमकी बसते. त्याच कॅनमध्ये पाच किलो घेतल्यास मिश्रण साडेअठरा लिटरच्या आसपास जाते आणि ढवळताना ते बाहेर सांडते. उलट दोन किलोच घेतल्यास अर्धी कॅनही भरत नाही. घरापुरता पाक करणाऱ्याने दहा-बारा लिटरची कॅन घ्यावी आणि अडीच किलोच्या आतबाहेर धान्य घालावे. बचत गटाला विक्रीसाठी करायचे असेल तर एकच प्रचंड पेटी घेण्यापेक्षा २० लिटरच्या दोन घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. एक मुरत असताना दुसरी गाळता येते, आणि भरलेली कॅन दोन बायकांना उचलता येण्याजोगी राहते. तरीही कॅन आधी ओट्यावर ठेवूनच भरावी. सोळा किलोंचे गरम मिश्रण उचलून वर ठेवण्याची वेळच येऊ देऊ नये.

आकाराच्या बाबतीत पर्याय दोनच आहेत. लग्नकार्यात थंड पाणी पुरवणाऱ्यांकडे असते ती गोल, उभी, तोटी असलेली कॅन, किंवा कुल्फीवाले व शीतपेये विकणारे वापरतात ती आडवी चौकोनी पेटी. गोल कॅनमध्ये धान्याचा थर उंच बसतो, पाणी त्यातून सावकाश झिरपते आणि तळाची गाळणी एकच गोल चकती असली तरी भागते. चौकोनी पेटीत हात घालून ढवळणे आणि धुणे सोपे जाते, पण पाणी कोपऱ्यांत अडकून राहू नये म्हणून तळाशी नळ्यांची चौकट बसवावी लागते. पहिल्यांदाच करणाऱ्याने गोल कॅन घ्यावी, असे माझे मत आहे. जुनी कॅन स्वस्तात मिळाली तरी हरकत नाही, मात्र तिचा इतिहास विचारल्याशिवाय ती घेऊ नये. कापसाच्या पट्ट्यात फवारणीची औषधे कालवण्यासाठी हाती येईल ते भांडे वापरले जाते, आणि त्या कामी एकदा वापरलेले प्लास्टिक कितीही धुतले तरी खाण्याच्या कामाला घेऊ नये. भंडारा-गोंदियाकडे मासळीसाठी वापरलेली पेटी वासामुळेच बाद होते.

आतले अस्तर एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असावे. तळाशी त्रिकोणात २ किंवा ५ हा आकडा असतो. या भांड्यांवर बहुधा केवळ थंड पेयांसाठी असा मजकूर असतो, तो गंभीरपणे घ्यावा. आपले मिश्रण ६५ अंशांचे असते आणि धान्य शेवटी धुण्याचे पाणी ७५ ते ७७ अंशांचे असते. तेवढे चालते, पण उकळते पाणी यात कधीही ओतू नये, कारण त्याने अस्तर फुगते आणि भिंतीपासून सुटते. थर्मोकोलच्या पेटीत गरम गोड द्राव थेट ओतू नये. त्याचे कण सुटतात आणि ती नीट धुताही येत नाही. मात्र स्टीलचा झाकणाचा गंज (उभे पातेले) आत बसेल एवढी थर्मोकोलची पेटी मिळाली तर तिचा उत्तम उपयोग होतो. मिश्रण गंजातच तयार करावे, गंज पेटीत ठेवावा आणि सभोवतालची जागा स्वच्छ रुईने (सरकी काढलेल्या कापसाने) किंवा जुन्या गोधडीने ठासून भरावी. या पद्धतीत तोटी मिळत नाही आणि गाळण्याचे काम कापडाने करावे लागते, पण अन्न फक्त स्टीलला लागते. ज्या घरात रुई सहज मिळते तेथे याहून स्वस्त व्यवस्था सापडणार नाही.

कॅनला मुळात असलेली दाबाची तोटी काढून टाकावी, कारण तिच्यातून दाट द्राव नीट येत नाही आणि तिची स्प्रिंग धुता येत नाही. त्या जागी अर्ध्या इंची स्टीलचा बॉल व्हॉल्व्ह बसवावा. भिंत दुहेरी असल्यामुळे निप्पल (दोन्ही टोकांना आटे असलेला नळीचा तुकडा) पुरेसा लांब घ्यावा, आतून आणि बाहेरून सिलिकॉनचे वॉशर घालावे, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळावी आणि चेकनट हाताने घट्ट झाल्यावर पान्याने थोडाच फिरवावा. जोर लावला की आतला फोम दबतो आणि गळती तेथूनच सुरू होते. पितळी सुटे भाग टाळावेत, त्यांत शिसे असू शकते. तोटीचे भोक तळापासून किती उंचीवर आहे हेही महत्त्वाचे आहे. दुकानातच दोन लिटर पाणी ओतून तोटी उघडावी आणि कॅन न कलंडता आत किती पाणी उरते ते पाहावे, कारण तितका गोड द्राव प्रत्येक घाण्याला वाया जाणार असतो.

गाळणी धान्यावर ठरते. जवाला टरफल असते. त्याचा सैल थर बनतो आणि छिद्रे असलेली स्टीलची चकती किंवा गीझरच्या जोडणीच्या नळीवरचे स्टीलचे जाळीदार वेष्टन तेवढ्याने काम भागते. गव्हाला टरफल नसल्यामुळे त्याचा भरडा चिकट लगदा होऊन तोटी तुंबवतो, म्हणून गव्हासाठी कॅनच्या आत बसणारी मलमलची किंवा बारीक नायलॉनची पिशवी शिवून घ्यावी. चौकोनी पेटीत नळ्यांची चौकट करणार असाल तर पांढरा पीव्हीसी पाइप वापरू नये, तो या तापमानाला मऊ पडतो, गरम पाण्याच्या नळासाठी वापरतात तो सीपीव्हीसी घ्यावा. ज्वारीच्या माल्टाने सुरुवात करू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. तिचे पिष्ट फुलायला ७० अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक तापमान लागते, म्हणजे ते आधी वेगळे शिजवावे लागते. शिवाय ज्वारीच्या कोंबांत सायनाइड सोडणारे द्रव्य असते, त्यामुळे वाळल्यावर कोंब व मुळ्या चोळून पूर्ण काढून टाकणे आवश्यक असते.

भांडे घरी आणल्यावर धान्य घालण्याआधी नुसत्या पाण्याने त्याची परीक्षा घ्यावी. आधी गरम पाणी ओतून दहा मिनिटे झाकून ठेवावे आणि ते काढून टाकावे, म्हणजे भिंती तापतात. मग दोन तृतीयांश भरेल इतके ७० अंशांचे पाणी घालून झाकण लावावे आणि तासाने तापमान मोजावे. एक ते दोन अंशांची घट उत्तम, तीन अंशांपर्यंत गोधडी गुंडाळून चालवून घेता येते, आणि त्याहून अधिक घट झाल्यास पुन्हा झाकणाकडेच पाहावे. तापमापक शून्य ते शंभर अंशांचा, सळईचा डिजिटल किंवा दुग्धव्यवसायात वापरतात तसा घ्यावा. पाऱ्याचा काचेचा तापमापक अन्नाजवळ आणू नये.

पाणी किती गरम करून ओतायचे हे धान्याच्या तापमानावर ठरते, आणि विदर्भात हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. एका किलोला तीन लिटर पाणी आणि ६५ अंशांचे उद्दिष्ट धरल्यास, मे महिन्यात ४० अंशांवर असलेल्या भरड्यासाठी पाणी साधारण साडेअडुसष्ट अंशांचे पुरते, तर पौषातल्या सकाळी १५ अंशांच्या भरड्यासाठी ते जवळजवळ ७२ अंशांचे लागते. भांडे आधी तापवले नसेल तर यात आणखी एक-दोन अंश मिळवावेत. पाण्यात भरडा थोडाथोडा टाकून गुठळ्या मोडाव्यात, तापमान पाहून झाकण लावावे आणि मधूनमधून उघडण्याचा मोह टाळावा.

तासाभराने चमचाभर द्राव पांढऱ्या बशीत घेऊन थंड होऊ द्यावा आणि त्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकावा. थेंब निळा-काळा झाला तर पिष्ट अजून शिल्लक आहे, आणि तो पिवळसर-तपकिरीच राहिला तर गाळायला हरकत नाही. तपासणीचा द्राव मात्र फेकून द्यावा. पहिला द्राव काढल्यावर ७५ अंशांचे पाणी घालून धान्य धुवावे. एक किलो भरडा साधारण एक लिटर पाणी स्वतःत धरून ठेवतो, आणि धुतले नाही तर त्यातली साखर चोथ्याबरोबर जाते. चोथा त्याच दिवशी गुरांपुढे टाकावा, कारण तो रात्रीतून आंबतो. मिश्रणही रात्रभर भांड्यात ठेवू नये, तेही ५० अंशांखाली उतरले की आंबू लागते.

भांडे रिकामे होताच धुवावे. वाळलेला गोड थर नंतर खरवडावा लागतो आणि त्या ओरखड्यांत बुरशी धरते. गरम पाणी व खाण्याचा सोडा यांनी धुऊन बॉल व्हॉल्व्ह महिन्यातून एकदा खोलून साफ करावा. पावसाळ्यात झाकण आणि तोटी दोन्ही उघडी ठेवून, भांडे जमिनीपासून वर, वारा लागेल अशा जागी पालथे घालावे.