आजोबांचं चावीचं घड्याळ परत चालू करताय? आधी हे बघा

कपाटात वर्षानुवर्षं पडलेलं एचएमटी जनता किंवा तसलं जुनं चावीचं घड्याळ सापडलं की पहिला मोह काय, तर चावी भरून बघायचा, आणि ते टिकटिकतंही, पण आतलं तेल सुकून चिकट झालेलं असतं आणि तसंच रोज घातलंत तर पिव्होट (चाकांच्या अक्षांची बारीक टोकं) झिजतात, म्हणून आधी सर्व्हिसिंग. त्यात आपल्याकडे रत्नागिरी-मालवणची खारी हवा आणि पावसाळ्यातली दमट, जुन्या घड्याळाचं गॅस्केट (ओल अडवणारं रबरी वळं, असलंच तर) कडक झालेलं असतं, ओल सरळ आत जाते आणि स्टीलच्या भागांना गंज धरतो.

घड्याळवाल्याला स्पष्ट विचारा, मशीन पूर्ण खोलून साफ करून नवीन तेल देणार का? नुसतं पेट्रोलमध्ये बुडवून वर तेलाचा थेंब सोडणारे असतात, त्यांना लांबूनच नमस्कार. डायल रंगवू नका म्हणून आधीच सांगून ठेवा, पिवळी पडली तरी मूळचीच बरी दिसते (माझं मत!). केसला (घड्याळाच्या बाहेरच्या कवचाला) बफिंगही, म्हणजे घासून चकचकीत करणंही नको, कडा गोल होतात. बदललेले पार्ट परत मागा.

काच बहुतेक अ‍ॅक्रिलिकची असते, बारीक ओरखडे साध्या पांढऱ्या टूथपेस्टने मऊ कपड्यावर घासून जातात, फक्त पाणी आत जाऊ देऊ नका.

पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेवा. तांदळात अजिबात नको, पीठ आत जातं.