ख्रिस्ती ईश्वरविज्ञान शिकताना या चुका टाळा

पवित्र त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीचा, धडा आला की कोणीतरी हमखास पाणी, बर्फ आणि वाफ यांचा दाखला देतो. मीही दिला आहे. अनेक वर्षांपूर्वी मोठ्या ऐटीत बर्फाचे भांडे घेऊन संडे स्कूलमध्ये गेलो आणि पदार्थ एकच, रूपे तीन, असे समजावले. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, “सर, मग येशू यार्देन नदीत बाप्तिस्मा घेत होता, तेव्हा आकाशातून कोण बोलले?” माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि भांड्यातला बर्फ तोवर वितळून गेला होता. एकच देव आळीपाळीने तीन रूपे घेतो, हे सबेल्लियसच्या नावाने ओळखले जाणारे मत चर्चने तिसऱ्या शतकातच नाकारले होते आणि मी नेमके तेच शिकवत होतो. तेव्हापासून कोणताही दाखला मी आधी यार्देनेच्या काठी तपासून पाहतो. बहुतेक तिथेच बुडतात. मग मी नायसियाचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेचे अधिकृत निवेदन, ओळीओळीने वाचतो. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, हे 325 मध्ये नायसिया येथील चर्च-परिषदेत ठरले. पवित्र आत्म्याविषयीचा विस्तृत भाग 381 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडला जातो. ज्या मांडणीला छप्पन्न वर्षे लागली, ती पाच मिनिटांच्या व्हिडिओत उरकू पाहणाऱ्यांचे मला नवल वाटते.

देहधारणाला, म्हणजे देवाचा पुत्र माणूस झाला या शिकवणीला, ‘अवतार’ म्हणून पुढे जाणे ही दुसरी चूक. शब्द ओळखीचा असल्यामुळेच तो फसवतो, कारण अवतार अनेकदा होतात आणि कार्य संपल्यावर ते रूप सोडले जाते, तर ‘शब्द देही झाला’ ही घटना एकदाच घडली आणि ते मानवपण पुनरुत्थानानंतरही टाकलेले नाही. 451 च्या खाल्सेदोन परिषदेने ख्रिस्ताचे ईश्वरी आणि मानवी असे दोन स्वभाव मिसळत नाहीत, बदलत नाहीत, विभागले जात नाहीत, विलग होत नाहीत, असे म्हटले; हे चार नकार मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतो.

बायबलमधील पुस्तके नायसियात ठरली, असे लिहू नये. त्या परिषदेच्या वीस नियमांत अशी यादी नाही. नव्या कराराची आजची सत्तावीस पुस्तके अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या 367 च्या पत्रात आढळतात.

एखादे वचन उचलून सिद्धांत उभारू नका. त्याचा अख्खा अध्याय वाचा.

आणि सुरुवात प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकापासून करू नका. मार्कचे शुभवर्तमान सोळा अध्यायांचे आहे आणि दुपारभरात वाचून होते.