स्टीलवर अँटिबॅक्टेरियल कोटिंग करायचंय? आधी स्टील नीट घासा

दाराची हँडलं, लिफ्टची बटणं, हॉस्पिटलमधल्या पलंगाचे कठडे, सगळं आता स्टीलचं असतं, आणि स्टील कितीही चकचकीत दिसलं तरी ते बॅक्टेरियाला काहीच करत नाही, स्टॅफिलोकॉकससारखे जंतू त्यावर कित्येक दिवस जिवंत राहू शकतात. तांब्याचं तसं नाही. अमेरिकेच्या ईपीएने (पर्यावरण संरक्षण संस्थेने) २००८ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंना ‘२ तासांत ९९.९ टक्के बॅक्टेरिया मारतात’ असा दावा करायची रीतसर परवानगी दिली. पण सगळीकडे तांबं लावणं परवडत नाही आणि ते काळंही पडतं, म्हणून स्टीलवरच एक पातळ थर द्यायचा ज्यात चांदी असेल, हा मार्ग मला सगळ्यात आवडतो आणि एमएससी किंवा इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टला तो खरंच जमण्यासारखा आहे. टायटॅनियम डायऑक्साइडचा मोह बऱ्याच जणांना होतो पण साध्या टायटॅनियम डायऑक्साइडला जंतू मारायला अल्ट्राव्हायोलेट प्रकाश लागतो, एलईडी लावलेल्या कॉरिडॉरमध्ये तो नुसता बसून राहणार.

तर आपण काय करणार, सोल-जेल पद्धतीने, म्हणजे आधी पातळ द्रावण (सोल) लावून मग ते सुकवून आणि तापवून घट्ट करत, काचेसारखा सिलिकाचा थर द्यायचा आणि त्यात चांदी अडकवायची. सिलिका स्टीलवरच्या ऑक्साइडला धरून बसते, आणि आतली चांदी ओल लागली की आयनच्या (विद्युतभारित अणूंच्या) रूपात हळूहळू बाहेर येते. हे आयन जंतूंच्या प्रोटीनमधल्या गंधकाच्या गटांना चिकटतात आणि त्यांची यंत्रणा बंद पाडतात.

आता घासण्याबद्दल, कारण अर्धी प्रोजेक्ट्स इथेच बुडतात. कल्हईवाला आठवा, तो कथील लावायच्या आधी भांडं किती घासतो, तापवून नवसागर टाकतो, कारण जिथे मळ किंवा तेल राहिलं तिथे कल्हई धरतच नाही. इथेही अगदी तेच. आमच्या पहिल्या बॅचचं कोटिंग टेप लावून ओढल्यावर पापुद्र्यासारखं निघालं होतं, आणि आम्ही आठवडाभर केमिकलला दोष देत बसलो, खरं कारण शीट कापताना लागलेलं ऑइल होतं. म्हणून ३०४ (स्टेनलेस स्टीलचा नेहमीचा ग्रेड) स्टीलचे ५० बाय ५० मिमीचे तुकडे घ्या, कडा घासून बोथट करा, मग ४००, ८००, १२०० नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने, मग साबणाचं पाणी, मग अल्ट्रासॉनिकमध्ये अ‍ॅसिटोन १० मिनिटं, मग ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या ६० अंशाच्या द्रावणात १० मिनिटं आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटर. झालं का नाही हे कळायला पाणी ओता, पाण्याचा सलग पडदा पसरला तर स्वच्छ, थेंब थेंब होऊन तुटला तर परत सुरू करा. यानंतर बोट लावायचं नाही, चिमट्यानेच उचला आणि शक्यतो त्याच दिवशी कोटिंग करा.

सोल बनवायला १० मिली टीईओएस (ज्यातून सिलिका तयार होते ते द्रव रसायन) आणि २० मिली इथेनॉल एकत्र करून ढवळत ठेवा. दुसरीकडे ३.२ मिली ०.१ मोलर नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये ०.१५ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट विरघळवा आणि ते थेंब थेंब सोडा. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड वापरू नका, क्लोराइड आलं की चांदी लगेच पांढरी होऊन खाली बसते, आणि याच कारणाने नळाचं पाणीही चालत नाही. २ तास ढवळा, मग तपकिरी बाटलीत रात्रभर ठेवा, आणि बुडवायच्या आधी अजून २० मिली इथेनॉल घालून पातळ करा. हे सगळं फ्यूम हूडमध्येच (वाफ बाहेर खेचणाऱ्या लॅबमधल्या कपाटात), टीईओएसची वाफ डोळ्यांना वाईट आहे, आणि सिल्व्हर नायट्रेट हाताला लागलं तर काळे डाग बरेच दिवस जात नाहीत म्हणून ग्लोव्ह्ज हवेतच.

बुडवून तुकडा एकसारख्या वेगाने वर ओढायचा, सेकंदाला १ ते २ मिमी. डिप कोटर नसेल तर जुन्या प्रिंटरची स्टेपर मोटर आणि दोरा पुरतो, हाताने मात्र ओढू नका, पट्टे पडतात. वेग वाढवला की थर जाड होतो, वेग दुप्पट केला तर साधारण दीडपटीहून थोडा जास्त, आणि जाड थर चांगला असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढा, साधारण १ मायक्रॉनच्या पुढे गेलात की सुकताना चिरा पडतात. पावसाळ्यात जास्त सांभाळा, इथेनॉल उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि थर दुधाळ होतो.

१५ मिनिटं तसंच सुकू द्या, १०० अंशाला अर्धा तास, मग फर्नेसमध्ये मिनिटाला २-३ अंशाने चढवत ३०० अंशाला १ तास. ओला तुकडा थेट फर्नेसमध्ये कधीच नको, इथेनॉल पेटतं. ४५० च्या वर नेऊ नका कारण तिथून पुढे ३०४ मधलं क्रोमियम कार्बाइड होऊन अडकायला लागतं आणि स्टीलच गंजायला मोकळं होतं. तापवल्यावर हलका पिवळा रंग दिसला तर घाबरू नका, ते चांदीचे नॅनोकण आहेत.

आता टेस्ट. सगळ्यांना अगार प्लेटवर तुकड्याभोवती झालेल्या स्वच्छ गोलाचा फोटो हवा असतो, पण तो गोल फक्त चांदी किती वाहून गेली ते सांगतो, कोटिंगवर जंतू मेले का हे सांगत नाही. त्यापेक्षा आयएसओ २२१९६ ही आंतरराष्ट्रीय प्रमाणित टेस्ट करा. तुकड्यावर ई. कोलाय किंवा स्टॅफिलोकॉकस ऑरियसचं ०.४ मिली द्रावण, मिलीला साधारण ६ लाख पेशी, त्यावर ४० मिमीची प्लास्टिक फिल्म, ३५ अंश, ९० टक्क्यांच्या वर आर्द्रता, २४ तास. मग धुवून घ्या आणि कॉलन्या मोजा. धुण्याच्या द्रावणात चांदीला निकामी करणारं थायोग्लायकोलेट किंवा थायोसल्फेट असायलाच हवं, नाहीतर चांदी प्लेटवरही जंतू मारत राहते आणि तुमचा रिझल्ट उगाच भारी दिसतो. तुलनेसाठी कंट्रोल दोन ठेवा, एक कोरं स्टील आणि एक चांदीशिवाय नुसती सिलिका, हा दुसरा नसेल तर मी तरी त्या रिझल्टवर विश्वास ठेवणार नाही. समजा कंट्रोलवर १० लाख उरले आणि कोटिंगवर १० हजार, तर फरक २ लॉग (१ लॉग म्हणजे दहापट घट) म्हणजे ९९ टक्के, आणि जेआयएस झेड २८०१ या जपानी मानकाप्रमाणे २ लॉगपासून पुढे अँटिबॅक्टेरियल म्हणता येतं. जंतूंचे स्ट्रेन (ठरावीक वाण) पुण्याच्या एनसीएल या राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या एनसीआयएमकडून किंवा चंदीगडच्या एमटीसीसीकडून, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या संग्रहांकडून मिळतात. हे काम मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये आणि शिकलेल्या माणसासोबतच करा, घरी अजिबात नाही.

आणि ही टेस्ट ओल्या फिल्मखाली २४ तास चालते, दाराचं हँडल तर कोरडं असतं, म्हणून रिपोर्टमध्ये परिस्थिती स्पष्ट लिहा. व्हायरसबद्दल यातून काहीही म्हणता येत नाही. नंतर कोटिंगवर चौकटी कापून टेप टेस्ट करा, ओल्या फडक्याने ५०० वेळा पुसा आणि तोच तुकडा परत टेस्टला लावा. पहिल्या दिवशीचा आकडा सगळ्यांचाच चांगला येतो, पुसल्यानंतरचा आकडा सांगा.

उरलेला सोल बेसिनमध्ये ओतू नका, चांदी माशांना आणि सांडपाणी साफ करणाऱ्या जंतूंनाही मारते. मिठाचं पाणी घालून खाली बसवा, गाळून लेबल लावलेल्या डब्यात जमा करा आणि त्यात अमोनिया कधीही मिसळू नका, ते मिश्रण ठेवून दिलं तर स्फोटक होतं.