भोपळा मुलांच्या हाती देण्याआधी

नवरात्राच्या सुमारास बाजारात लाल भोपळे दिसू लागले की बालवाडीतल्या मुलांसाठी एक सकाळ राखून ठेवावी. भाजीवाल्याकडून कापलेली फोड आणू नका, अख्खा आणि देठासकट भोपळा मागा. देठ वाळलेला आणि साल नखाला दाद न देणारी असली की तो पिकलेला समजावा. दोन घेतलेत तर उत्तम, एक खोल फाकांचा आणि एक गुळगुळीत. जवळपास कुणाच्या परसात वेल असेल तर परवानगी काढून मुलांना सकाळीच न्या, कारण ऊन चढलं की फुलं मिटतात. नर फूल नुसत्या दांड्यावर असतं, मादी फुलाच्या बुडाशी इवलासा भोपळा धरलेला असतो. चार वर्षांचं मूलही हा फरक ओळखतं. वेलीची लव टोचते, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे बरे.

मोठा टब पाण्याने भरून ठेवा. भोपळा बुडेल की तरंगेल, हे प्रत्येकाला आधी बोलू द्या, मगच तो पाण्यात सोडा. आत पोकळी असल्याने तो तरंगतोच, पण हे उत्तर मोठ्यांनी आधी फोडू नये, एवढं माझं कळकळीचं सांगणं.

कापण्याचं काम मोठ्यांचंच. खाली ओला फडका घाला म्हणजे भोपळा घरंगळणार नाही. मुलं येण्याआधी जाड सुरीने सभोवार खोल चीर देऊन सुरी मुलांपासून दूर ठेवून द्या. त्यांच्यासमोर फक्त दोन भाग उकलायचे. तेव्हाचा तो करकर आवाज, काकडीच्या जवळ जाणारा वास आणि ओल्या तंतूंत अडकलेल्या बिया मुलांना पहिल्यांदा भेटायला हव्यात. काहींना बुळबुळीत गर नकोसा वाटतो. त्यांच्यासाठी चमचे ठेवा, बळजबरी नको. तीन वर्षांखालचं मूल असेल तर शेजारी मोठं माणूस बसलेलंच हवं, बिया घशात अडकतात.

जुनी वर्तमानपत्रं, हात पुसायला फडकी आणि मातीच्या कुंड्या तयार असाव्यात. बिया धुऊन सावलीत वाळवा आणि काही पेरा. आठवडाभरात दोन जाड दळं वर येतात. घरी घटातलं धान्य उगवताना पाहिलेली मुलं मग स्वतःहून तुलना करतात.

उरलेल्या गराचे घारगे करायचे तर गूळ, कणीक आणि पालकांची आधी संमती. तळण मात्र मुलांपासून दूर.

दुसरा भोपळा कापू नका. कोरड्या, हवेशीर कोपऱ्यात चुंबळीवर ठेवा, दोन-तीन महिने सहज टिकतो. कुठे मऊ डाग पडला तर मात्र काढून टाका.