स्वस्तातलं ऑनलाइन प्रॉक्टरिंग बांधताय? या चुका टाळा

मूडल (ऑनलाइन वर्ग-परीक्षांचं मोफत सॉफ्टवेअर) आहे, विद्यार्थ्याकडे कॅमेरा आहे, दर 30 सेकंदांनी एक फोटो सर्व्हरवर टाकला की झालं प्रॉक्टरिंग, म्हणजे परीक्षार्थीवर दुरून नजर! या हिशेबाने शुक्रवारी कोड लिहून सोमवारी परीक्षा लावणारे कमी नाहीत. स्वतःच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या वायफायवर, दोन मित्रांना बसवून घेतलेली चाचणी ही चाचणी नसते. गडबड 300 जण एकदम बसले की होते, आणि ती बहुतेक वेळा त्याच त्या जागी होते.

फोटोंचा लोंढा परीक्षेच्याच सर्व्हरवर सोडणे

आधी हिशेब मांडा. 640 बाय 480 चा जेपेग, क्वालिटी 0.6 ठेवली तर साधारण 40 केबी. दोन तासांत 240 फोटो, म्हणजे विद्यार्थ्यामागे साडेनऊ एमबी आणि 300 जणांचे मिळून तीन जीबीच्या आत. डिस्कच्या मानाने हे काहीच नाही, म्हणून सगळे निर्धास्त असतात.

पण पेपर 10 वाजता उघडतो. सगळे रिफ्रेश दाबत बसलेले असतात, त्यामुळे टायमरही जवळपास एकाच क्षणी सुरू होतो. मग दर 30 सेकंदांनी 300 फोटो एकदम येतात. एका सेकंदात 12 एमबी. मूडलचा पीएचपी कोड चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेसची मर्यादा कोणी बदललेली नसते, ती असते 5. त्या पाचही फोटो गिळण्यात गुंततात आणि त्यांच्याच मागे रांगेत उभी राहते विद्यार्थ्याची ‘उत्तर सेव्ह करा’ ही विनंती. फोटो अडकला म्हणून ब्राउझर पाच सेकंदांनी पुन्हा पाठवतो, तोही सगळ्यांचा एकदमच. साडेदहाला ग्रुपवर ‘सर, पेपर हँग झालाय’ सुरू होतं, आणि कॉपी पकडायला बसवलेली यंत्रणा परीक्षाच पाडते.

उपाय फार हुशारीचा नाही. पहिला फोटो 0 ते 30 सेकंदांमधल्या कुठल्याही क्षणी, प्रत्येकाचा वेगळा. मग तेच 300 फोटो सेकंदाला 10 या चालीने येतात. पाठवणं फसलं तर 5, 10, 20, 40 सेकंदांनी पुन्हा, आणि त्यातही थोडी यादृच्छिक भर. फोटो मूडलच्या पीएचपीतून नेऊच नका. वेगळ्या पोर्टवर एक छोटी सर्व्हिस ठेवा, ती मेली तरी पेपर चालला पाहिजे. ब्राउझरच्या कॅनव्हासमधून फोटो बेस-64 मजकुराच्या रूपात काढू नका, आकार एक तृतीयांशाने फुगतो, ब्लॉब (थेट बायनरी फाइल) पाठवा. नेट गेलं तर फोटो ब्राउझरमधल्याच इंडेक्स्ड-डीबी या साठ्यात ठेवा. लोकल-स्टोरेजमध्ये साठवणाऱ्यांना पाच एमबीची भिंत लवकरच भेटते. प्रत्येक फोटोला विद्यार्थ्याच्या परीक्षेचा प्रयत्न-क्रमांक आणि फोटोचा अनुक्रमांक द्या, म्हणजे दोनदा आलेला फोटो दोनदा मोजला जाणार नाही.

मॉडेलला न्यायाधीश करणे

‘चेहरा दिसला नाही, वॉर्निंग. दोन चेहरे दिसले, वॉर्निंग. तीन वॉर्निंगला पेपर बंद.’ नवशिक्यांचा हा सगळ्यात लाडका शॉर्टकट आणि सगळ्यात अन्यायाचाही. समजा, चेहरे शोधणारं मॉडेल 100 फोटोंत एकदाच चुकतं. 240 फोटोंत प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी दोन-अडीच खोट्या वॉर्निंग, 300 जणांच्या मिळून 720. कॉपी कोणीही केलेली नसताना.

आणि ते कुठे चुकतं, हे घरात डोकावलं की कळतं. गणिताचा पेपर असेल तर मुलगी वहीवर कच्चं काम करायला मान खाली घालते. ओपनसीव्ही या मोफत लायब्ररीतलं, समोरून दिसणारा चेहरा शोधणारं ‘हार कॅस्केड’ मॉडेल तिथे हमखास गळपटतं. खिडकीकडे पाठ असेल तर चेहरा काळा पडतो. आणि भिंत! आजोबांची हार घातलेली तसबीर, कॅलेंडरवरचं देवाचं चित्र, महाराजांची फ्रेम, यांतला कुणीही ‘दुसरी व्यक्ती’ ठरतो.

तसबिरीचा बंदोबस्त असा: विद्यार्थी सूचना वाचत असताना 10 सेकंदांच्या अंतराने पाच फोटो घ्या. पाचही फोटोंत ज्या चेहऱ्याचा मध्यबिंदू फ्रेमच्या रुंदीच्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त हलला नाही आणि जो सगळ्यांत मोठा नाही, तो भिंतीवरचा समजा आणि तेवढाच चौकोन वगळा. जिवंत माणूस 40 सेकंद इतका स्थिर बसत नाही. मात्र पुस्तकांना टेकवलेला फोन घसरला की चौकोन चुकीच्या जागी राहतो, तेव्हा तो चेहरा मूळ जागी दिसेनासा झाला की पाच फोटो पुन्हा घ्यायचे.

बाकी, संशय आला की दोन सेकंदांच्या अंतराने आणखी तीन फोटो घ्या. तिन्हींत तेच दिसलं तरच खूण करा. विद्यार्थ्याच्या स्क्रीनवर वॉर्निंग दाखवू नका, घाबरलेलं मूल आणखी इकडेतिकडे बघतं. खुणांची यादी माणसाने पाहायची, आणि त्या माणसाला ‘काही नाही’ हे बटण ‘कॉपी’ इतकंच मोठं द्यायचं.

सेफ एग्झाम ब्राउझर लावला की संपलं, असं मानणे

झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाचं, पेपर चालू असताना बाकी सगळं बंद ठेवणारं हे साधन उत्तम आहे, मूडल 3.9 पासून प्रश्नमंजुषेच्या सेटिंगमध्येच मिळतं. पण ते विंडोज, मॅक आणि आयपॅड-आयफोनवर चालतं, अँड्रॉइडवर नाही. वर्गात अँड्रॉइडवाले किती, हे आधी मोजा. नुसतं यूजर-एजंट (ब्राउझर स्वतःचं सांगतो ते नाव) तपासू नका, ते कोणीही बदलतं. कॉन्फिग की, म्हणजे त्या ब्राउझरच्या सेटिंगवरून बनणारी खूणगाठ, तपासा. तिचा हॅश पानाच्या पत्त्यासकट बनतो, म्हणून रिव्हर्स प्रॉक्सीमागे (विनंत्या आधी घेऊन पुढे देणाऱ्या सर्व्हरमागे) मूडलला पत्ता एचटीटीपी दिसत असेल आणि ब्राउझरला एचटीटीपीएस, तर एकूण एक विद्यार्थी बाहेर.

बाकीच्या चुका, एकेका ओळीत:

- एचटीटीपीएसशिवाय ब्राउझर कॅमेरा देतच नाही. लोकलहोस्टवर, म्हणजे स्वतःच्याच मशीनवर, चाललं म्हणून फसू नका.
- फोनवर कॉल आला की कॅमेरा म्यूट होऊन काळा फोटो येऊ शकतो. ‘म्यूट’ इव्हेंटची नोंद ठेवा, नाहीतर तो ‘कॅमेरा झाकला’ ठरतो.
- मोबाइल ब्राउझरमध्ये स्क्रीन शेअर मिळत नाही; तशी अट घालू नका.
- वेळ विद्यार्थ्याच्या घड्याळाची नको, सर्व्हरची घ्या.
- टॅब बदलला म्हणजे कॉपी नव्हे. अपडेटच्या खिडक्याही फोकस पळवतात.

फोटो किती दिवस ठेवायचे हे कोणी ठरवतच नाही, मग तीन वर्षांपूर्वीच्या मुलांच्या खोल्यांचे फोटो सर्व्हरवर पडलेले सापडतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. ती परीक्षेच्या सकाळी नव्हे, प्रवेशाच्या वेळी घ्या. निकालाविरुद्ध दाद मागायची मुदत संपली की दुसऱ्या दिवशी क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाने) सगळे फोटो उडवा, खूण केलेले तेवढे निर्णय होईपर्यंत ठेवा. आणि बॅकअपमधूनही उडाले का, ते एकदा हाताने उघडून बघा.